बाथरूमला काच, बाप्पा!

बातमी पक्की आहे. अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वरच्या एका नव्या लेआउटमध्ये परवा वास्तुशांती झाली आणि त्या घराच्या बाथरूममध्ये काच निघाली. आरसा नव्हे हो, आरसा काय, आमच्याही घरी आहे. आंघोळीच्या जागेला लावलेली, डोक्याच्या वर जाणारी, आरपार दिसणारी काच! पूजेला गेलेल्या बायका हातातला प्रसाद तसाच धरून तिच्यापुढे उभ्या राहिल्या. एकीने बोटाने टकटक वाजवून पाहिली. "माय वं! यातून तं सारंच दिसते ना बाप्पा," एक काकू म्हणाल्या. घरच्या सूनबाईंनी हसून सांगितलं, "काकू, पाणी बाहेर उडू नये म्हणून असते ते." काकूंनी मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे, पुढची खोली पाहायची राहिली होती म्हणून. बाहेर पडल्यावर त्यांनी निकाल दिला: "आपल्या नळाले एवढा जोर कधी आला वं, पाणी उडाले?"

आता खरं सांगायचं तर वास्तुशांतीला जेवायला म्हणून कोणी जात नाही. आलू-वांग्याची भाजी आणि बुंदी कुठेही मिळते. जायचं असतं ते घर पाहायला. यजमानीणबाई पुढे, मागे सात-आठ जणींची रांग, आणि प्रत्येक दारात थांबून "छान आहे हो" म्हणायचं. हॉल दोन मजल्यांइतका उंच. हे कशासाठी, विचारायचं नाही. त्याला डबल हाइट म्हणतात. पंखा एवढ्या उंचीवर की, त्याचा वारा खाली सोफ्यापर्यंत पोचेतो संध्याकाळ व्हावी. छताला फॉल सीलिंग, त्यात निळी पट्टी, मग पांढरी पट्टी, मधे झुंबर. टीव्हीच्या मागची भिंत दगडाची वाटते, वाजवली की प्लास्टिकची निघते. सोफा इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा. त्याच्या कोपऱ्यात जो बसतो त्याचे गुडघे दुसऱ्याच्या गुडघ्यांना लागतात, म्हणून तिथे टेडी बसवलेला. आणि मास्टर बेडरूमला लागून संडास! हा धक्का तसा जुना झाला, तरी आमच्या मागच्या पिढीला अजून पचलेला नाही. झोपायच्या खोलीत संडास आणि देवघर जिन्याखाली, यावर परतीच्या वाटेत बसस्टँड येईपर्यंत बोलता येतं.

स्वयंपाकघर मात्र पाहण्यासारखं. नारिंगी रंगाच्या ट्रॉल्या, अलगद बंद होणारे कप्पे, काळा ग्रॅनाइट, वर चिमणी. इतकं स्वच्छ की संशय यावा. संशय खराच होता. मागच्या दाराने बाहेर पडलं की टिनाच्या सपरीत चूल, चुलीवर मोठं पातेलं, आणि बाजूला गोवऱ्यांचा आर. रोडगे तिथेच भाजले जात होते. ट्रॉल्या पाहुण्यांसाठी आणि चूल घरच्यांसाठी, अशी वाटणी करून घेतलेली. यजमानीणबाईंना त्याचा संकोच नव्हता. "त्या चिमणीच्या खाली ठेचा केला तं डाग पडते," त्या म्हणाल्या.

ही लाट आली कुठून? एक दिशा सगळ्यांना ठाऊक आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग, लांबी ७०१ किलोमीटर, आमच्याच तालुक्यातून गेला. शिवणी रसुलापूरला त्याची चढ-उताराची जागा आहे. त्यासाठी सरकारने जमिनी सरळ खरेदीने घेतल्या आणि कापसाने, तुरीने, सोयाबीनने ज्या घरांना आयुष्यात एकरकमी पैसा दाखवला नव्हता, त्यांना तो रस्त्याने दाखवला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला, पण बंगल्यांचं पेव त्याच्या आधीच फुटलं होतं. दुसरी दिशा पुण्याची: हिंजवडीला नोकरी करणारी पोरं. तिसरी सगळ्यात घातक, ती हातातल्या मोबाइलमध्ये. पूर्वी मिस्त्री विचारायचा, "किती खण?" आता ठेकेदार विचारतो, "दुबई पाहिजे का इटालियन?"

पण अमेरिकेत, जपानात, फिनलंडात लोक घराची ऐट कशात मानतात, ते एकदा ऐकून घ्या. ऐकाल तर तुमचाही प्रसाद हातातच राहील.

अमेरिकेचं आधी, कारण तिथला हालहवाल घरबसल्या मिळतो. ओळखीतल्या एक काकू मुलाकडे न्यू जर्सीला राहून आल्या. जाण्याआधी गावभर सांगून झालं होतं: दोन मजली घर, खाली तळघर, गाड्यांना वेगळी खोली. परत आल्यावर बैठक बसली तेव्हा काकूंनी आवाज खाली आणला. "लाकडाचं आहे वं घर! भिंत वाजवली तं पोकळ!" बैठकीत सन्नाटा. नांदगावात लाकडाच्या फळ्यांवर पुठ्ठ्यासारखे प्लास्टरचे पत्रे ठोकून कोणी घर बांधलं, तर त्याच्या पोराला पोरगी मिळणार नाही. काकूंनी सोबत गजानन महाराजांचा फोटो नेला होता. तो लावायचा तर मुलाने आधी भिंतीवरून एक डबी फिरवली. डबी वाजेल तिथेच आत लाकडी दांडा असतो आणि तिथेच खिळा धरतो. डबी वाजली ती नेमकी फ्रिजच्या वर. महाराज आता तिथे आहेत. दिशा कोणती, काकूंनी विचारलं नाही, आपणही विचारू नये.

आणि त्यांची ऐट कशात? मोकळ्या जागेत. समोर हिरवळ पाहिजे. केवढी? जेवढी कापताना रविवार जाईल तेवढी. त्या हिरवळीत ना सांबार (आमची कोथिंबीर), ना मेथी, ना कढीपत्त्याचं झाड. गवत वाढू दिलं तर काही वस्त्यांमध्ये सोसायटीची नोटीस येते. चांगला इंजिनियर झालेला पोरगा दर आठवड्याला स्वतः मशीन ढकलत गवत कापतो आणि ते गवत एकही म्हैस खात नाही. काकूंना सगळ्यात जास्त लागलं ते हे. स्वयंपाकघर तिथे हॉलमध्येच उघडं असतं, मधे भिंत नाही. काकूंनी मिरच्या तळल्या आणि छतावरचा भोंगा वाजला. आग लागली असं त्याला वाटलं. म्हणून कॅनडात आपली देशी मंडळी मोठं घर घेतात तेव्हा मुख्य स्वयंपाकघराच्या मागे दुसरं छोटं, दाराचं स्वयंपाकघर मागतात, फोडणीसाठी. बिल्डर त्याला स्पाइस किचन म्हणून विकतात. म्हणजे टोरांटोजवळचा श्रीमंत आणि नांदगावची टिनाची सपरी शेवटी एकाच ठिकाणी पोचले. फरक एवढाच की आमच्याकडे त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

जपानचं ऐका. तिथे न्हाणीघर म्हणजे घराचा मान. बाहेर साबण लावून, अंग स्वच्छ धुऊन मग गरम पाण्याच्या खोल टबात गळ्यापर्यंत बसायचं. आणि मग ते पाणी सोडून द्यायचं नाही! त्याच पाण्यात एकामागून एक अख्खं घर बसणार, पाहुणा असला तर पहिला मान त्याचा. वर झाकण ठेवायचं, ऊब राहावी म्हणून. आमच्या एका वहिनींनी हे ऐकून दोन्ही कान धरले. पण विचार करा, सगळे आधीच धुऊन आलेले असतात, आणि पाण्याची बचत म्हणाल तर आमच्या उन्हाळ्याला ही युक्ती वाईट नाही. त्याहून मोठा धक्का पुढेच आहे. तिथे कराच्या हिशेबात लाकडी घराचं आयुष्य धरतात २२ वर्षं. घर जुनं झालं की त्याची किंमत शून्याकडे जाते, पैसा फक्त जमिनीचा. तीस-चाळीस वर्षांत पाडून नवं बांधतात. आणि तिकडे इंग्लंडात नेमकं उलट. दोनशे-तीनशे वर्षांचं, वाकलेल्या जिन्याचं, थंडीत दात वाजतील असं घर असेल तर त्याला जास्त भाव, आणि ते सरकारी यादीत असेल तर साधी खिडकी बदलायलाही परवानगी लागते. आमच्या गावात जुनं घर म्हणजे "अजून बांधलं नाही का?" एवढाच प्रश्न.

फिनलंडवर मात्र आमचा विशेष राग. पंचावन्न लाख माणसांचा देश आणि त्यात सुमारे तीस लाख सौना. सौना म्हणजे लाकडाची खोली, त्यात दगड तापवायचे, वर पाणी मारायचं आणि ऐंशी अंशांच्या आसपास उष्णतेत उघड्या अंगाने घाम गाळत बसायचं. हे ते सुखासाठी करतात! युनेस्कोने २०२०मध्ये ही त्यांची परंपरा जगाच्या अमूर्त वारशात नोंदवली. आता अकोला-अमरावतीच्या माणसाने यावर काय बोलावं? अकोल्याने त्याच २०२०च्या मे महिन्यात ४७ अंश ओलांडले. इथे टिनाच्या घरात दुपारी एक वाजता कोणीही बसावं, फुकट. दगड आपोआप तापलेले असतात. आम्हाला युनेस्कोने काही दिलं नाही, निदान कुलरला भारनियमनातून सूट द्यायची होती.

इथे हसणं थोडं थांबवते, कारण या सगळ्या गप्पांतून मला एक गोष्ट दिसते आणि ती काचेपर्यंत जाते. ज्या हवेत जे मिळत नाही, ते घरात आणून दाखवणं म्हणजे ऐट. फिनलंडला ऊब मिळत नाही म्हणून ऊब. सूर्य हिवाळ्यात डोकावून निघून जातो, म्हणून उत्तरेकडच्या देशांत काचा मोठ्या, दिसेल तेवढं ऊन घरात ओढायचं. मुंबईत अल्टामाउंट रोडवर अंबानींचं २७ मजली घर आहे, त्यात म्हणे बर्फाची खोली केली आहे. नावं ठेवायला आम्ही तयारच होतो, पण ती एक खोली आम्हाला मनापासून पटली. घामाच्या शहरात बर्फ. हिशेब बरोबर लागतो.

आमचा हिशेब मात्र चुकतो. आम्ही आमची टंचाई सोडून दुसऱ्याची उचलली. सूर्याला तरसलेल्या माणसांनी काढलेली काच आम्ही आणून पश्चिमेच्या भिंतीला लावली. एलेव्हेशन म्हणतात त्याला. नव्या लेआउटमधलं कुठलंही घर बाजूने पाहा: समोरून काच, टाइल्स, स्टीलचं रेलिंग, कोपऱ्यात काळी बाहुली, बाजूची भिंत उघड्या विटांची, प्लास्टरचे पैसे समोरच संपले. दुपारी दोननंतर ती काच तापते, मग तिला जाड पडदे लागतात, पडद्याआड अंधार होतो, अंधारात निळी पट्टी लावावी लागते आणि गारव्याला एसी. एवढं करून घरधनी कुठे बसलेला सापडतो? मागे, सपरीत, माठाजवळ, बनियनवर.

काचेच्या घराचा हा तमाशा काही नांदगावचाच नाही. शिकागोच्या एका नामांकित डॉक्टरीणबाई होत्या, एडिथ फार्न्सवर्थ, मूत्रपिंडाच्या रोगांच्या तज्ज्ञ. त्यांनी मीस व्हान डेर रोह या जगप्रसिद्ध वास्तुकाराकडून नदीकाठी सुटीचं घर बांधून घेतलं. १९५१ला पूर्ण झालं. चारी बाजूंनी काच, आत एकही नीटशी खोली नाही. जगाने वाहवा केली. बाईंनी काय केलं? उन्हाळ्यात आत उकडतं, रात्री दिवा लावला की डास गोळा होतात, आणि बाहेरून सगळं दिसतं, असं जाहीरपणे सांगितलं. बिलावरून दोघंही कोर्टात गेले, एकमेकांविरुद्ध. नंतर बाईंनी घर विकलं. आज ते संग्रहालय आहे, लोक तिकीट काढून पाहायला जातात. त्या आज असत्या तर आमच्या काकूंची आणि त्यांची छान गट्टी जमली असती.

तिकडे पॅरिसजवळ प्वासीला ल कॉर्ब्युझिए या दुसऱ्या मोठ्या वास्तुकाराने १९३१मध्ये सावोय कुटुंबाला पांढरंशुभ्र, सपाट छताचं घर बांधून दिलं. छत गळायला लागलं आणि घरच्या बाई त्याला तक्रारीची पत्रं लिहीत राहिल्या. हे वाचून मला आमच्या आजोळच्या घराचं मातीचं धाबं आठवलं. तेही सपाट, तेही गळायचं. फक्त आमचं युनेस्कोच्या यादीत गेलं नाही.

धाब्याच्या घराबद्दल खोटं कौतुक नको. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर सागाच्या दांड्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात आत शिरलं की डोळ्यांना आधी अंधारी, मग अंगाला गारवा. ढेलजेत येणाऱ्याला बसायला जागा, मधे अंगण, माजघरात बंगई, भिंतीतल्या बळदात धान्य, खिडक्या लहान, दाराला वाळ्याची ताटी. ऊन बाहेर ठेवायचं, ही सगळ्या घराची एकच धडपड. पण त्याच घरात माजघरात धूर कोंडायचा, पावसाळ्याआधी धाब्यावर माती घालायची, आणि सारवायचं रोज घरच्या बाईने. सारवलेल्या जमिनीवर कविता लिहिणाऱ्यांनी एकदा सूनबाई होऊन पाहावं. फरशी बसली तेव्हा आमच्या आयांनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्यांचं बरोबरच होतं. माझं भांडण फरशीशी नाही, फरशीसोबत भिंतीची जाडीही विकली गेली त्याच्याशी आहे.

विकली हे अक्षरशः. वाडा पाडला की कोरीव दार, सागाचे खांब, पितळी कड्या भंगारवाल्याच्या गाडीत जातात. अशी जुनी लाकडं फिरत फिरत मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारापर्यंत पोचतात आणि तिथून अलिबाग-कर्जतकडच्या फार्महाउसांत. तिथला पाहुणा रात्रीचे काही हजार मोजून मातीच्या भिंतीला टेकून बसतो, पितळेच्या तांब्यातून पाणी पितो आणि फोटो टाकतो. आणि इकडे ज्याने ते दार विकलं, त्याने त्या पैशांत काय घेतलं? प्लास्टिकची दगडी भिंत. टीव्हीच्या मागे.

एके काळी वऱ्हाडात मोठं घर कसं मोजत, ते अमरावतीत विचारा. दादासाहेब खापर्डे, नामांकित वकील, टिळकांचे सोबती, यांना लोक वऱ्हाडचे नबाब म्हणत. १८९७ला काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं तेव्हा स्वागताध्यक्ष तेच. त्यांच्या वाड्याची कीर्ती झुंबरांनी झाली नाही. कोण येऊन राहिलं, किती जण जेवले, यावर झाली. पंगत केवढी बसते हे तेव्हाचं चौरस फूट. आजच्या आमच्या डबल हाइट हॉलमध्ये पंगत बसवायची तर आधी एलचा सोफा बाहेर काढावा लागतो, आणि तो दारातून निघत नाही.

दुसरं टोक शेजारच्या वर्धा जिल्ह्यात. सेवाग्रामची बापूकुटी: माती, बांबू, कवेलू. तिथे १९७८च्या जानेवारीत इव्हान इलिच नावाचा ऑस्ट्रियात जन्मलेला मोठा विचारवंत आला आणि बसून त्याने त्या कुटीवरच भाषण केलं. आत सात तऱ्हेच्या जागा आहेत, असं त्याने मोजून सांगितलं: येणाऱ्यासाठी, पाहुण्यासाठी, आजाऱ्यासाठी, अशा. लोक तिथे येतात ते गरिबीला सलाम करायला. हा माणूस खोल्या पाहून थक्क झाला. आमच्या लेआउटमधल्या बंगल्यात आजाऱ्याची खोली कुठली, मी विचारून पाहिलं. सूनबाई म्हणाल्या, "गेस्ट रूम आहे ना!" गेस्ट रूममध्ये सध्या सोयाबीनची पोती आहेत, भाव वाढेल या आशेवर. माझ्या मते त्या घरातली सगळ्यात शहाणी खोली तीच.

तर काचेची चर्चा आता थांबवू या, पुढच्या आठवड्यात दुसरी वास्तुशांती आहे आणि तिथे घरात लिफ्ट आहे असं कानावर आलं आहे. दोन मजल्यांना लिफ्ट! तुम्हालाही आमंत्रण आलं, तर आहेर जरूर द्या, बुंदी खा, "छान आहे हो" म्हणा. पण घर पाहायला मात्र मे महिन्यात जा, दुपारी तीन वाजता, न सांगता, आणि घरची माणसं ज्या खोलीत सापडतील तेवढीच तुमच्या नकाशात उतरवून घ्या.